सोयाबीनचा भाव नक्की ठरतो कुठे? खुला बाजार, मालवा आणि इंदूरची मंडी

छावणीकर

२०२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि मंडीत बहुतेक माल त्याच्या बऱ्याच खाली गेला. मध्य प्रदेश सरकारने तेव्हा भावांतर, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकऱ्याला देणं, पुन्हा सुरू केलं, त्यावर वर्तमानपत्रांत रोज काही ना काही येत होतं. मला मात्र जरा मागे जाऊन बोलायचं आहे. आमचं घर संयोगितागंज मंडीच्या मागच्या गल्लीत, वडील धान्याच्या दलालीत होते आणि मेहुण्यांची शेती सांवेरला आहे. हा विषय घरात लहानपणापासून ऐकत आलो.

साठच्या दशकापर्यंत मालव्यात पावसाळ्यात बरीचशी काळी जमीन पडीक असायची. चिखलात औत घालणं अवघड, त्यामुळे लोक रब्बीच्या गहू-हरभऱ्यावरच भिस्त ठेवत. मग पिवळं सोयाबीन आलं, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने ते रुजवलं आणि पडीक खरीप भरून निघाला. तेल काढणारे प्लांट उभे राहिले, १९७९ साली त्यांची संघटना 'सोपा' इथेच इंदुरात स्थापन झाली. १९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू झालं आणि १९९२-९३ च्या सुमारास देशाला लागणारं जवळजवळ सगळं खाद्यतेल देशातच होऊ लागलं.

त्यानंतर आयातीचा मार्ग खुला झाला. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिन ६५ टक्के आयात शुल्कावर खुल्या परवान्यात आलं. मार्च १९९५ मध्ये बाकीची बहुतेक तेलं ३० टक्क्यांवर. १९९६ ला शुल्क २० टक्के, १९९८ ला १५. चार वर्षांत सगळं आटोपलं. आज आपण वर्षाला दीडशे-एकशे साठ लाख टन तेल आयात करतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून जास्त.

आयात करू नये असं मी म्हणत नाही. तेल महागलं की पहिला फटका गरिबाच्या कढईला बसतो. माझं म्हणणं वेगळं आहे. १९९१ नंतर आपण परवान्याच्या अर्थव्यवस्थेतून खुल्या अर्थव्यवस्थेत यायला निघालो, तेव्हा बाजार दोन बाजूंनी जोडायचा होता. एक बंदराकडची बाजू, क्वालालंपूर आणि शिकागोच्या जागतिक बाजाराचा भाव आत येण्याची. दुसरी गावाकडची, देपालपूरच्या शेतकऱ्याला दहा गिऱ्हाइकं मिळण्याची, माल ठेवायला गोदाम आणि त्यावर कर्ज मिळण्याची. पहिली बाजू अधिसूचनेच्या कागदावर जोडली गेली. दुसरीला तीस वर्षं झाली आणि ती अजून अर्धीच आहे. मध्य प्रदेशचा मंडी कायदा १९७२ चा, ई-नाम, म्हणजे मंड्या जोडणारा ऑनलाइन बाजार, आलं एप्रिल २०१६ मध्ये. जगातला भाव पडला की तो शेतकऱ्यापर्यंत त्याच दिवशी पोचतो. चढला की पोचता पोचता त्याच्या घरातला माल संपलेला असतो.

आणि मध्येच दिल्लीहून शुल्क बदलतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के, अधिभार धरून २७.५. मे २०२५ अखेरीस ते निम्म्यावर, एकूण १६.५. पिकाचा हंगाम चार महिन्यांचा, पण धोरण नऊ महिनेही टिकलं नाही. अशा परिस्थितीत कोणतं पीक घ्यायचं हे माणूस कशाच्या आधारावर ठरवणार?

मंडीतले, शेतीतले आणि बाहेर राहणारे, सगळ्यांनी लिहावं. आकड्यांसह लिहिलंत तर फारच छान.

---

रामबागेतली_रेवा

वाचतेय. विषय काढलात ते बरं झालं काका. आमच्याकडे जेवताना याच्यावरून रोज वाद होतो.

---

तेलडबा

छावणीकर भाऊ, शुल्काबद्दल तुमचं दुखणं कळतं, पण शुल्क वाढलं म्हणजे सोयाबीन वाढेल हा हिशोबच बरोबर नाही. मी प्लांटसाठी खरेदी करतो, लक्ष्मीबाईनगर आणि देवास दोन्हीकडे. आकडे मांडतो, समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत.

१०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे पेंड निघते. तेल १२० रुपये किलो धरा, २,१६० रुपये झाले. डीओसी ३२ रुपये धरा, २,५६० रुपये. एकूण ४,७२०. यातून गाळायचा खर्च, भाडं, हम्माली, मंडी शुल्क आणि प्लांटचं मार्जिन गेलं की शेतकऱ्याला काय देता येईल ते उरतं.

आता शुल्क वाढून तेल किलोला १० रुपयांनी चढलं तर क्विंटलमागे १८० रुपये वाढले. पण त्याच वेळी डीओसी किलोला ५ रुपयांनी पडली तर ४०० रुपये गेले. २०२४ च्या हंगामात हेच झालं. शुल्क वाढलं, तेल चढलं आणि तरीही सोयाबीन तेव्हाच्या ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिलं.

डीओसी का पडली? एक तर ब्राझील आणि अर्जेंटिनात पीक भरपूर, त्यांची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे आपल्या निर्यातीला भाव नाही. दुसरं कारण आपल्याच घरातलं. इथेनॉलचे कारखाने मका आणि तांदूळ घेतात आणि मागे डीडीजीएस, म्हणजे धान्याचा उरलेला चोथा, सोडतात. कोंबडीखाद्यवाले तेच घालू लागले, कारण ते डीओसीपेक्षा स्वस्त पडतं. म्हणजे सोयाबीनचा भाव पाडणारी एक गोष्ट बंदरातून आलेलीच नाही.

म्हणून सगळा दोष आयातीवर टाकू नका. सोयाबीनमध्ये तेलापेक्षा पेंडेचा वाटा मोठा आहे आणि पेंडेबद्दल कोणी बोलतच नाही.

---

सांवेरचा_शेतकरी

तेलडबा दादा, हिशोब पटला. पण डीओसीचंच बोलायचं तर २०२१ ही आठवा.

तेव्हा ऑगस्टमध्ये इंदूरला सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. कोणाकडे होतं? माझ्याकडे पोतंभर नव्हतं, बियाण्याचं सुद्धा पेरून झालं होतं. भाव चढला तो व्यापाऱ्याच्या आणि प्लांटच्या गोदामात. मग कोंबडीवाल्यांची ओरड झाली आणि सरकारने त्याच ऑगस्टमध्ये बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, पेंड आणायला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये तेल आणि तेलबियांवर साठ्याची मर्यादा आली. डिसेंबरमध्ये सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, बंद झाला, तो २०२५ मध्येही बंदच होता. आमचं नवं पीक मंडीत नेमकं याच तीन-चार महिन्यांत येतं.

भाव वर जातो तेव्हा दिल्लीला चार महिन्यांत तीन उपाय सापडतात. भाव पडतो तेव्हा आम्ही ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येईपर्यंत एकही सापडत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मालव्यात गावोगाव ट्रॅक्टर निघाले, तेव्हा कुठे हमीभावाने खरेदी मंजूर झाली.

हे फक्त सोयाबीनचं नाही. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची. चोइथराम मंडीत त्या आठवड्यात ज्यांनी कांदा विकला त्यांना विचारा. आयात खुली ठेवा म्हणता, ठेवा. मग निर्यातही खुली ठेवा. एकाच बाजूने खुला असेल तर तो कसला खुला बाजार?

---

शुभांगी_राजवाडा

मी घरून शेव, चिवडा, चकली करून विकते. माझ्याकडे तीन बायका कामाला आहेत. इंदूरात नमकीन करणाऱ्या अशा शेकडो असतील, मोठ्या दुकानांची नावं सगळ्यांना माहीत असतात, आमची नसतात.

सप्टेंबर २०२४ ला शुल्क वाढलं ते ऐन नवरात्राआधी. पंधरा किलोच्या डब्याचा भाव दुसऱ्याच दिवशी वाढला, दुकानदाराकडचा माल जुन्या शुल्काचा असूनसुद्धा. दिवाळीच्या ऑर्डरी आधी घेतलेल्या, त्यांचे दर ठरलेले. ती दिवाळी आम्ही जवळजवळ फुकट राबलो. २०२५ ला शुल्क उतरलं तेव्हा मात्र डबा स्वस्त व्हायला कितीतरी आठवडे लागले.

सांवेरच्या दादांचं दुःख मला कळतं, माझं माहेर हातोदचं आहे. पण शेतकऱ्याला द्यायचं म्हणून तेल महाग करायचं आणि ते त्याला मिळतही नसेल, जसं तेलडबा दादांनी मांडलं, तर त्या पैशाचं होतं काय? मधल्या मध्ये जातो कुठे तो?

---

तेलडबा

ताई, थोडा सरकारी तिजोरीत जातो, शुल्क म्हणून. थोडा ज्याने शुल्क वाढायच्या आधी जहाज उतरवून ठेवलं त्याच्या खिशात जातो. आणि थोडा नेपाळमार्गे निघतो. साफ्टा या दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार करारामुळे नेपाळहून रिफाइंड तेल शून्य शुल्कावर येतं. नेपाळात एवढं सोयाबीन पिकत नाही. कच्चं तेल बाहेरून आणायचं, तिथे रिफाइन करायचं आणि भारतात पाठवायचं. इथलं शुल्क जितकं जास्त तितका तो धंदा किफायतशीर. हे कायदेशीर आहे, पण आमच्या प्लांटची भट्टी त्याने थंड पडते.

मे २०२५ चा निर्णय मला एका कारणाने बरोबर वाटतो. कच्च्यावर १६.५ आणि रिफाइंडवर ३५.७५ असा एकोणीस टक्क्यांहून जास्त फरक ठेवला, त्यामुळे निदान गाळप आणि रिफाइनचं काम देशात राहील. आधी हा फरक जेमतेम सव्वाआठ टक्के होता.

---

नाना_नारायणबाग

मंडळी, वय झालं, पण हा धागा रात्री दोनदा वाचला. इतिहास शिकवण्यात नोकरी गेली, म्हणून एक भर घालतो.

मालवा जगाच्या बाजाराला जोडला गेला तो १९९४ साली नव्हे. शंभर-दीडशे वर्षं आधी आपण अफूने जोडलेले होतो. मंदसोर, रतलाम, उज्जैन इथली अफू इंदूरमार्गे मुंबईला आणि तिथून चीनला जात असे. कॅन्टनमध्ये पेटीचा काय भाव यावर इथल्या सराफ्यातले सौदे चालत. कंपनी सरकारने आधी मक्तेदारी करून पाहिली. होळकर-शिंद्यांच्या मुलुखात ती चालेना, म्हणून १८३१ पासून इंदुरात पास द्यायला सुरुवात केली. पेटीमागे १७५ रुपये भरा आणि मुंबईच्या रस्त्याने जा.

आता पुढचं बघा, म्हणजे तेलडबा यांच्या नेपाळच्या मुद्द्याशी ते जुळतं. दमणला पोर्तुगीज होते. व्यापारी सिंधमार्गे कराचीला आणि तिथून दमणला माल नेऊ लागले, कंपनीचा पास घ्यायची गरजच नाही. म्हणून १८३५ मध्ये कंपनीला शुल्क १२५ वर आणावं लागलं. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली आणि शुल्क चढत गेलं. १८४७ पर्यंत ते ४०० रुपये झालं. शुल्क किती लावता येतं हे आडवाट किती मोकळी आहे यावरच ठरतं. तेव्हाही आणि आताही.

आणि शेवटी १९१३ मध्ये चीनला जाणारी अफू बंद झाली, लंडन आणि पेकिंगच्या करारामुळे. तो निर्णय योग्यच होता, त्या व्यापाराने चीनचं काय केलं ते आपण जाणतो. पण ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या तेच पीक घेतलं त्याला कोणी विचारलं नव्हतं. दूरच्या बाजाराला जोडलेल्या पिकाचं हे जुनं दुखणं आहे: निर्णय दूर होतो आणि नांगर इथे फिरवावा लागतो.

---

रामबागेतली_रेवा

नाना, हे शाळेत कधीच शिकवलं नाही आम्हाला. दमणची वाट तर पहिल्यांदाच ऐकली.

---

हो_ची_मिन्हहून_मुकुंद

मूळचा लोकमान्यनगरचा, बरीच वर्षं व्हिएतनाममध्ये पंपांच्या व्यवसायात आहे, त्यामुळे मेकाँगच्या खोऱ्यात भातवाल्यांमध्ये नेहमी वावर असतो. छावणीकर काकांनी बंदराची बाजू आणि गावाची बाजू असं जे लिहिलं त्याच्यावर इथला अनुभव मांडतो.

व्हिएतनामने १९८६ मध्ये दोई मोई म्हणजे सुधारणांचं धोरण घेतलं. शेतीत खरा बदल १९८८ च्या ठराव क्रमांक १० ने झाला. सामूहिक शेतीऐवजी कुटुंबाला जमीन कसायला मिळाली, पीक कोणाला विकायचं हेही कुटुंबच ठरवू लागलं. आदल्या काही वर्षांत तांदूळ आयात करणारा देश १९८९ मध्ये चौदा लाख टनांच्या आसपास तांदूळ निर्यात करून मोकळा झाला. १९९३ च्या कायद्याने जमिनीचा दीर्घ मुदतीचा हक्क मिळाला, तो गहाण ठेवता येऊ लागला. पाणी, बांध, जमिनीचा हक्क हे आधी. निर्यातीचा कोटा मात्र सरकारने हातात ठेवला, तो २००१ मध्ये काढला. दक्षिणेचा तांदूळ उत्तरेत नेण्यावरची बंधनंसुद्धा १९९७ मध्ये उठवली. जागतिक व्यापार संघटनेत ते गेले २००७ साली. म्हणजे क्रम आपल्या उलट: आधी शेतकऱ्याचे हात मोकळे केले आणि मग हळूहळू सीमा.

इथे सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नये. कोटा होता तेव्हा त्याचा फायदा सरकारी निर्यात कंपन्यांना झाला, शेतकऱ्याला भाव कमी मिळाला. कॉफीत तर त्यांनी नियंत्रणच ठेवलं नाही. मध्य पठारावर लोकांनी जंगल तोडून रोबस्टा लावली, देश ब्राझीलखालोखाल दुसरा झाला आणि २००१ च्या सुमारास जागतिक भाव असा कोसळला की लोकांनी झाडं उपटली. त्या कोसळण्यात त्यांच्याच वाढलेल्या उत्पादनाचा मोठा हात होता.

चीनकडेही बघा, कारण तो आपल्याच पिकाचा प्रश्न आहे. २००१ मध्ये त्याच व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, जाताना त्यांनी सोयाबीनवर फक्त ३ टक्के शुल्क ठेवलं. आज ते वर्षाला हजार लाख टनांच्या आसपास आयात करतात आणि पिकवतात दोनशे लाख टनांच्या घरात. त्यांनी जाणूनबुजून ठरवलं: गहू, तांदूळ, मका राखायचा आणि सोयाबीन सोडायचं. हेइलोंगजियांगच्या शेतकऱ्याला ते महागात पडलं, पण निदान निर्णय काय आहे ते त्याला कळलं. आपण सोयाबीन राखायचं की सोडायचं हे तीस वर्षांत ठरवलेलंच नाही, असं मला वाटतं.

---

छावणीकर

मुकुंदराव, शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. न ठरवणं हाच आपल्याकडे निर्णय होऊन बसलाय.

---

बीजांकुर

सोयाबीनच्या वाणांवर काम केलं आहे, म्हणून एवढंच. भावावर इतकं बोलताय, पण हेक्टरी उत्पादनाचं काय?

आपलं सरासरी उत्पादन हेक्टरी दहा-बारा क्विंटलच्या आसपास घुटमळतंय. अमेरिका आणि ब्राझील तीस-तेहतीसवर आहेत. १९८७ पासून सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे खंडवा रोडवर आहे, वाण निघतात, पण शेतावर पोचायला फार वेळ लागतो. जेएस ३३५ नव्वदच्या दशकातलं, अजून कुठे कुठे पेरलं जातं. जेएस ९५-६० लवकर येतं म्हणून लोक सोडत नाहीत, आणि पिवळा मोझॅक हा रोग त्यालाच जास्त झोडपतो. २०२५ ला मंदसोर-रतलाम पट्ट्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

जीएमचा मुद्दा निघेलच, म्हणून आधीच सांगतो. जीएम सोयाबीनचं तेल आपण आयात करतो, पेंडही एकदा केली, पण ते बी पेरायला परवानगी नाही. ही विसंगती खरी आहे. पण बी आलं की तिप्पट पिकेल असं समजू नका. तिकडचं जीएम मुख्यतः तणनाशक सहन करणारं आहे. त्यांचा हंगाम लांब असतो, पेरणी वेळेवर होते, बी दरवर्षी नवं असतं. आपलं पीक नव्वद-शंभर दिवसांचं, पावसाच्या भरवशावरचं, घरचंच बी वापरलेलं. सोयाबीनचं बी नाजूक, नीट साठवलं नाही तर उगवण घटते. एवढी एक गोष्ट सुधारली तरी बिघ्याला एखादा क्विंटल वाढेल आणि त्याला ना शुल्क लागतं ना वाटाघाटी.

---

सई_लातूर

आमच्याकडेही तीच रड. सकाळी लातूरचा माणूस उठल्यावर आधी इंदूरचा प्लांट भाव बघतो, मग आपला. दोन्हींत वाहतुकीएवढाच फरक असतो. म्हणजे मोठे बाजार एकमेकांना व्यवस्थित जोडलेत की. तुटलंय ते बाजार समिती आणि गावाच्या मधे. खेड्यातला खरेदीदार लातूरपेक्षा कितीतरी कमी देतो आणि पैशाची नड असलेला माणूस त्यालाच घालतो, कारण उचल त्याच्याकडूनच घेतलेली असते.

---

अर्थशास्त्राचा_विद्यार्थी

सईताईंच्या मुद्द्यावर अभ्यास झालेला आहे, तोही आपल्या मध्य प्रदेशावर. २००० साली आयटीसीने इथे सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली, गावात संगणकावर आदल्या दिवशीचा भाव दिसायचा आणि थेट विकायची सोय होती. अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवलं की ज्या भागात हे केंद्र आलं तिथे मंडीतलासुद्धा सोयाबीनचा भाव सरासरी १.७ टक्के वाढला. दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला की मंडीही सुधारते, मंडी मोडावी लागत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे २०१७ चं भावांतर. हमीभाव आणि सरासरी बाजारभाव यातला फरक सरकार देणार हे सगळ्यांना आधीच माहीत. विक्रीची मुदत ठरलेली, म्हणून सगळे शेतकरी एकाच वेळी मंडीत. आवक तुंबली, भाव खाली. ज्याची नोंदणी नव्हती तो दोन्हीकडून बुडाला. कल्पना वाईट नव्हती, पण मोजक्या आठवड्यांत सगळा माल विकायला लावणं हीच तिची गोम होती.

शुल्काबद्दल छावणीकर काकांना एक सुचवतो. चिलीने १९८० च्या दशकात गहू, साखर, खाद्यतेलासाठी भावपट्टा ठरवला होता. जागतिक भाव पट्ट्याखाली गेला की शुल्क आपोआप वाढे, वर गेला की उतरे. मंत्र्याच्या मर्जीवर काही नाही. अर्जेंटिनाने तक्रार केली आणि २००२ मध्ये डब्ल्यूटीओने चिलीच्या विरोधात निर्णय दिला, म्हणून जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण डब्ल्यूटीओला कबूल केलेल्या बांधील मर्यादेच्या आत आपलं आपण सूत्र जाहीर करायला वाव आहे. इथे एक अडचण आहे: पाम तेलावर आपली मर्यादा ३०० टक्के, सोयातेलावर फक्त ४५. पामवर जास्त चढवलं की लोक सोयातेल आणतात, म्हणजे व्यवहारात ४५ हीच सगळ्यांची मर्यादा.

---

सांवेरचा_शेतकरी

सूत्र चांगलं. पण सूत्र असो नसो, मला नोव्हेंबरात विकावंच लागतं. रब्बीचं डीएपी, युरिया, सोसायटीचा हप्ता. माझ्या गावापासून सरकारी गोदाम लांब, तिथली पावती बँकेत ठेवून कर्ज मिळतं असं म्हणतात. वेअरहाउसचा कायदा २००७ चा आहे. आमच्या गावात किती जणांनी त्या पावतीवर कर्ज काढलं? कोणीच नाही. नमी बारा टक्क्यांच्या वर म्हणून माल परत येतो, ओला माल वाळवायला खळं नाही, आणि पावतीसाठी जेवढा माल लागतो तेवढा एकट्या पाच बिघेवाल्याकडे नसतो.

---

तेलडबा

हे एकदम बरोबर. खरेदी करणारा म्हणून सांगतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो घाईत असतो त्याचाच माल स्वस्त मिळतो. फार्मगेट ॲपवरून घरी बसून विकायची सोय आली, काही जण वापरतात. पण घाई ॲपने जात नाही.

---

बीजांकुर

पाच-दहा शेतकरी मिळून एकत्र गोदामात ठेवू शकतात ना? शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने?

---

सांवेरचा_शेतकरी

शेजारच्या गावात कंपनी झाली आहे, बियाणं आणि खत विकते. मालाची साठवण अजून नाही. चांगला व्यवस्थापक मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही.

---

शुभांगी_राजवाडा

मला त्या सूत्राची कल्पना माझ्या बाजूनेही बरी वाटते. शुल्क वर्षभर असं-असं बदलेल हे आधी माहीत असेल तर दिवाळीचे दर मी तसे ठरवीन. मला स्वस्त तेल हवंच आहे असं नाही, अचानक बदलणारं नको आहे.

---

छावणीकर

शुभांगीताई, हेच. गिऱ्हाईक आणि शेतकरी यांना समोरासमोर उभं केलं जातं, पण दोघांचीही पहिली मागणी सारखीच निघाली.

आतापर्यंतच्या चर्चेतून मला जे घ्यावंसं वाटतं ते सांगतो. शुल्काचं सूत्र जूनच्या बोवनीआधी जाहीर व्हावं आणि पुढच्या काढणीपर्यंत हलू नये. पेंडेचा विचार तेलाबरोबरच व्हावा, डीडीजीएस धरून. आणि खर्च करायचाच असेल तर भावांतरापेक्षा तो खळी, वाळवणी यंत्रं आणि गोदामांवर व्हावा, कारण थांबण्याची ताकद नसेल तर कुठलाच खुला बाजार शेतकऱ्याच्या कामाचा नाही. २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू होती, मका आणि सोयाबीन हे त्यांच्या यादीत वरचे विषय होते. आपली गावाकडची बाजू अशी अर्धवट असताना आणखी दार उघडणं मला धोक्याचं वाटतं. आधी व्हिएतनामचा क्रम, मग वाटाघाटी.

---

हो_ची_मिन्हहून_मुकुंद

सहमत. फक्त भावांतर एकदम काढू नका, काका. गोदामं उभी राहीपर्यंत यंदाच्या माणसाला काय? विक्रीची मुदत लांबवली, अगदी मार्चपर्यंत, तर आवक एकदम तुंबणार नाही.

---

सांवेरचा_शेतकरी

मुदत लांबवा हे मात्र जरूर लिहा, कुठे निवेदन देणार असाल तर. आणि बीजांकुर दादा, पुढच्या खरिपात मी निम्म्या जमिनीत मका घेणार आहे, गावात बरेच जण घेतायत. उरलेल्या निम्म्यात ९५-६० च्या ऐवजी काय पेरू? माझी जमीन मध्यम काळी, पाणी साचत नाही, आणि मला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेत रिकामं हवं, लसणासाठी.

---

बीजांकुर

जेएस २०-३४ बघा, ते लवकर निघतं, तुमच्या लसणाला अडचण येणार नाही. मोझॅकसाठी बीजप्रक्रिया आणि पांढरी माशी यावर लक्ष ठेवावंच लागेल. बी एप्रिल-मेमध्ये प्रमाणित लेबल बघूनच घ्या, आणि पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा. सत्तरच्या खाली आली तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. आणि मक्याबद्दल एक लक्षात ठेवा: तो इथेनॉलला गेला की त्याचं डीडीजीएस तुमच्याच सोयाबीनच्या पेंडेसमोर उभं राहणार. निम्मं-निम्मं ठेवताय ते ठीक आहे, सगळं मक्यात घालू नका.